ट्रेलरच्या पातळ भिंतीवर फळी आणि तसबीर पक्की कशी बसवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उभयतांनी ओहायोमध्ये २४ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, विकत घेतला. त्यात ओट्याच्या वर मसाल्याच्या बरण्यांसाठी एक फळी, पलंगाच्या उशाशी दोन तसबिरी आणि कोपऱ्यात छोटेसे देवघर बसवायचे ठरवले. घराच्या भिंतीसाठी मिळतात त्या प्लास्टिकच्या गिट्ट्या वापरून फळी लावलीही, पण पहिल्याच प्रवासात ती गिट्ट्यांसकट उपटून खाली आली. बरण्या फुटल्या, भिंतीला चार मोठी भोके पडली, आणि आता याहून मजबूत गिट्टी कोणती, असे आपण विचारता.

इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात, जिथे अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर तयार होतात, मी एकवीस वर्षे ट्रेलरच्या दुरुस्तीचे काम करतो आहे. त्या अनुभवावरून माझे पहिले सांगणे असे की आपली गिट्टी कमकुवत नव्हती. तिला धरून ठेवायला भिंतच नव्हती. घरातल्या जिप्समच्या भिंतीची जाडी साधारण १२ ते १३ मि.मी. असते आणि त्या गिट्ट्या तेवढी जाडी गृहीत धरून बनवलेल्या असतात. ट्रेलरच्या आतल्या बाजूला दिसते ती भिंत म्हणजे जेमतेम ३ मि.मी. जाडीचे, वर नक्षीचा कागद किंवा व्हिनाइल चिकटवलेले हलके प्लायवुड असते. तो एक पापुद्रा आहे, आणि खरा भार पेलणारा सांगाडा त्याच्या मागे आहे. फळी पापुद्र्याला न टांगता सांगाड्याला टांगायची, आणि सांगाडा हव्या त्या जागी नसेल तर भार मोठ्या क्षेत्रावर पसरवायचा, एवढेच या कामाचे मर्म आहे.

आपल्या ट्रेलरची भिंत कोणत्या प्रकारची आहे हे आधी बाहेरून पाहून घ्यावे. बाहेरचा पत्रा आडव्या पन्हळींचा ॲल्युमिनियमचा असेल तर आत लाकडी चौकट आहे. साधारण ३८ मि.मी. जाडीच्या लाकडी पट्ट्या, त्यांच्या मधल्या पोकळीत काचतंतूंची गादी आणि आतून ते पातळ प्लाय, अशी ती रचना असते. बाहेरची बाजू गुळगुळीत फायबरग्लासची असेल तर भिंत बहुधा लॅमिनेटेड असते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चौकट, नळ्यांच्या मध्ये थर्माकोलचे ठोकळे आणि दोन्ही बाजूंचे पातळ थर, असे सगळे डिंकाने दाबून एकसंध केलेले असते. दोन्ही प्रकारांत भिंतीची एकूण जाडी साधारण दीड ते दोन इंचच असते. स्क्रू निवडताना हा आकडा सतत डोळ्यांसमोर ठेवावा, कारण चुकून लांब स्क्रू वापरला तर तो बाहेरच्या पत्र्यातून डोकावतो, तिथून पाणी शिरते, आणि दोन पावसाळ्यांनंतर माझ्यासारख्या माणसाला ती भिंत उघडावी लागते. मी उघडलेल्या कुजक्या भिंतींपैकी काहींचे मूळ केवळ अशा एका स्क्रूमध्ये होते.

चौकट शोधणे हे या कामातले सर्वांत चिकाटीचे पाऊल आहे. घरांत उभ्या पट्ट्या सोळा इंचांवर सापडतात, तो नियम इथे लागू होत नाही. खिडकी, दार, कपाट आणि चाकांच्या कमानी यांच्या सोयीने पट्ट्या हव्या तिथे टाकलेल्या असतात. लाकडी चौकट असेल तर छोटे पण जोरदार निओडिमियम लोहचुंबक घ्यावे, ते दोऱ्याला बांधून भिंतीवरून हळूहळू फिरवावे. प्लाय चौकटीला ठोकताना मारलेल्या पोलादी स्टेपलपाशी ते ओढले जाते, आणि अशा तीन-चार जागा एका रेषेत आल्या की पट्टी सापडली असे समजावे. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून लॅमिनेटेड भिंतीसाठी धातू ओळखणारे शोधक यंत्र लागते. त्याशिवाय एक जुनी युक्ती आहे, ती मला फार आवडते: थंडीच्या दिवसांत रात्री आत हीटर चालू ठेवून झोपावे आणि पहाटे भिंतीकडे तिरप्या उजेडात पाहावे. ॲल्युमिनियममधून उष्णता थर्माकोलपेक्षा कितीतरी लवकर बाहेर जाते, त्यामुळे नळ्यांच्या रेषांवर आधी दव धरते आणि सांगाडा स्वतःच आपले चित्र काढून दाखवतो. त्या रेषांवर लगेच कागदी चिकटपट्टी लावून खुणा करून घ्याव्यात. सापडलेली जागा पक्की करण्यासाठी ड्रिलच्या अगदी बारीक, दीड मि.मी. बिटने जिथे पुढे झाकले जाणार आहे अशा ठिकाणी भोक पाडून पाहावे. बिटला लाकडाचा भुसा येतो, ॲल्युमिनियमचा चकाकता कीस येतो की थर्माकोलचे दाणे, यावरून आत काय आहे ते निश्चित कळते.

भोक पाडण्यापूर्वी ट्रेलरची बाहेरची वीजजोडणी काढावी आणि बॅटरीही तोडावी. भिंतीतून १२० व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या अशा दोन्ही तारा जातात, आणि त्या घरातल्यासारख्या ठरावीक उंचीवर नसतात. प्लगची खोकी, दिवे, पंख्याची बटणे यांच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भोक टाळावे. बिटला टोकापासून मोजून रंगीत टेप गुंडाळावी, म्हणजे किती आत गेलो ते दिसते. सरकून बाहेर येणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, असेल तर ती आत-बाहेर होताना ज्या भिंतीच्या जवळून जाते तिथे काहीच लावू नये. फळी भिंतीवर कितीही पक्की बसली तरी त्या खोलीची कड तिला खरवडून काढते.

आता फळीच्या भाराविषयी. लोक पाकिटावरचा किलोचा आकडा पाहून निर्धास्त होतात, पण तो आकडा सरळ खाली ओढणाऱ्या स्थिर वजनासाठी असतो. फळी भिंतीला खाली ओढतेच, शिवाय वरच्या स्क्रूला बाहेरही ओढते, आणि ट्रेलरमध्ये हीच बाहेरची ओढ घात करते. समजा, बरण्यांसह फळीचे वजन ४ किलो आहे आणि फळी १५ सें.मी. रुंद आहे. वजनाचा मध्य भिंतीपासून साडेसात सें.मी.वर आला. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये ५ सें.मी. अंतर असेल तर वरच्या स्क्रूंवर एकूण ६ किलोची बाहेरची ओढ येते; तेच अंतर १५ सें.मी. केले तर ती २ किलोवर येते. रस्त्यातल्या खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यावर बसणाऱ्या धक्क्यासाठी मी हे आकडे तिप्पट धरतो. म्हणजे छोट्या ब्रॅकेटवर १८ किलोची ओढ आणि उंच ब्रॅकेटवर ६ किलोची. शिवाय ही ओढ एकदाच येत नाही, शेकडो मैल हजारो वेळा येते आणि भोक हळूहळू मोठे करते. म्हणून फळी अरुंद असावी, ब्रॅकेट उंच असावा, आणि जड बरणी भिंतीलगत ठेवावी. मसाल्यासाठी १० सें.मी. रुंदीची फळी पुरते. त्याहून रुंद फळीवर दोन ओळी बरण्या मावतात हे खरे, पण पुढची ओळ ही भिंतीची शत्रू असते.

आपल्या ओट्यावरच्या जागी मी जे करीन ते असे. पाठीमागे एक पाठफळी लावीन: ९ मि.मी. जाडीचे चांगले प्लायवुड, फळीच्या लांबीएवढे लांब आणि किमान २० सें.मी. उंच, इतके लांब की ते चौकटीच्या निदान दोन उभ्या पट्ट्यांवर पोचेल. त्याच्या कडा घासून, रंगवून किंवा पॉलिश करून घ्याव्यात, म्हणजे ते नंतर लावलेल्या ठिगळासारखे दिसत नाही. लाकडी चौकट असेल तर प्रत्येक पट्टीवर वर-खाली दोन, असे आठ नंबर जाडीचे, दीड इंच लांबीचे स्क्रू घालावेत. हिशोब सोपा आहे: ३८ मि.मी. लांबीतून पाठफळीचे ९ आणि भिंतीच्या प्लायचे ३ मि.मी. वजा केले की २६ मि.मी. स्क्रू लाकडात जातो, आणि चौकटीचे १२ मि.मी. लाकूड बाहेरच्या पत्र्याच्या अलीकडे शिल्लक राहते. आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नये, कारण या चौकटीच्या पट्ट्या मऊ लाकडाच्या आणि अरुंद असतात, आणि कडेला स्क्रू घुसला की उभ्या चिरतात. स्क्रू शेवटी हातानेच आवळावा. ड्रिलच्या जोराने आवळल्यास मऊ लाकडातले आटे कापले जातात, आणि मग तो स्क्रू नुसता भोकात उभा असतो. ॲल्युमिनियमची नळी असेल तर तिच्या पुढच्या भिंतीतून आरपार गेले म्हणजे पुरे. तिथे पत्र्यासाठीचे स्क्रू, योग्य मापाचे भोक पाडून वापरावेत. नळीचा पत्रा पातळ असल्याने जास्त आवळले की आटे निघून जातात, ही काळजी तिथे अधिकच घ्यावी लागते. शक्य तिथे पोलादी स्क्रू गंजरोधक घ्यावेत.

मग फळीचे ब्रॅकेट या पाठफळीला बसवायचे. ९ मि.मी. प्लायमध्ये आखूड स्क्रूची पकड मला पुरेशी वाटत नाही, म्हणून मी पाठफळी भिंतीवर लावण्याआधीच मागून बोल्ट घालून ब्रॅकेट तिला जोडतो आणि बोल्टची डोकी प्लायमध्ये बुडवतो. यात एक अतिरिक्त फायदा मिळतो: पुढे कधी फळी नको झाली तर चार-सहा स्क्रू काढून सगळे एकत्र निघते. पाठफळीच्या मागे पॉलियुरेथेन डिंक लावावा का, असे पुष्कळ जण विचारतात. चौकट सापडली असेल तर नको. डिंक भिंतीच्या लाकडाला धरत नाही, वरच्या नक्षीच्या कागदाला धरतो, आणि कागद प्लायला फारसा घट्ट नसतो. काढताना मात्र तो भिंतीचे सालपट काढतो. सिलिकोन तर डिंक म्हणून मुळीच वापरू नये. एकदा ते लागले की त्या जागी पुढे रंग धरत नाही आणि दुसरा डिंकही धरत नाही.

त्याहून चांगला मार्ग पुष्कळदा भिंत सोडून देण्याचा असतो. ओट्याच्या वरच्या कपाटांची पुढची चौकट बहुधा सलग लाकडाची असते, आणि कपाटाच्या आतून हात पोचतो. तिथे आरपार बोल्ट घालून, आतल्या बाजूला मोठा वॉशर किंवा प्लायचा तुकडा लावून, कपाटाखाली लटकणारी मसाल्याची मांडणी बसवता येते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या पडद्या-भिंतीलाही दोन्ही बाजूंनी हात पोचतो. ती भिंत दोन पातळ प्लायची पोकळ पेटी असते, आणि त्यात नुसता स्क्रू घातला तर त्याचे टोक दुसऱ्या बाजूला टॉवेलमध्ये निघते. पण आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना पट्टी आणि मध्ये पोकळी चेपू नये म्हणून लाकडाचा तुकडा किंवा नळीचा तुकडा, असे केले की ती जागा सगळ्या ट्रेलरमधली सर्वांत भरवशाची होते. काही ट्रेलरांत दूरचित्रवाणी संचासाठी कारखान्यातच भिंतीमागे जाड लाकूड टाकलेले असते. आपल्याकडे तशी जागा असेल आणि संच लावायचा नसेल तर देवघरासाठी ती उत्तम आहे.

चौकट कुठेच जुळत नसेल तर हलक्या वस्तूंसाठी वेल-नट वापरावे. ही रबराची छोटी बाही असते, तिच्या टोकाला पितळी नट बसवलेला असतो. ८ ते १० मि.मी. व्यासाच्या भोकातून ती आत सरकवून स्क्रू आवळला की रबर प्लायच्या मागे फुगते आणि ३ मि.मी.चा पापुद्रा दोन्हीकडून धरते. धक्के ते ताठ धातूपेक्षा जास्त सोसते, कारण रबर थोडे झुकते आणि भोकाच्या कडा कापत नाही. पोकळ दारांसाठी मिळणारे, फार पातळ पत्र्याच्या मापाचे धातूचे फुगणारे अँकरही चालतात; मात्र पाकिटावर ३ मि.मी. जाडीचे माप लिहिलेलेच घ्यावेत. लॅमिनेटेड भिंतीत मागे पोकळी नसते, थर्माकोल असतो, आणि रबराला फुगायला जागा मिळत नाही. तिथे वाकवलेल्या तारेने भोकातून थोडा थर्माकोल कोरून काढावा लागतो. अशा प्रत्येक अँकरवर एक किलोपेक्षा जास्त भार मी टाकत नाही, आणि त्यांवर रुंद फळी तर कधीच टांगत नाही.

तसबिरींचे काम याहून सोपे आहे, फक्त काच काढून टाकावी. उशाशी काच असू नये हे वेगळे सांगण्याची गरज नाही, पण वजनाचाही विचार आहे. ए-३ आकाराची २ मि.मी. काच साधारण सहाशे ग्रॅम भरते आणि तेवढ्याच जाडीचे ॲक्रिलिक तीनशे. कॅनव्हासवर छापलेले चित्र आणखी हलके पडते. तसबीर एका खिळ्याला लटकवू नये. लटकलेली चौकट प्रवासभर झोके घेते आणि खालच्या कोपऱ्यांनी भिंतीवर अर्धवर्तुळे कोरते. ती चारही कोपऱ्यांत धरलेली असावी. पलंगाच्या वर नसलेल्या तसबिरीला कमांडसारख्या काढता येणाऱ्या चिकटपट्ट्यांची जोडी प्रत्येक कोपऱ्यात लावता येते, पण त्यांच्या उत्पादकाच्या सूचना इथे अक्षरशः पाळाव्यात: जागा रबिंग अल्कोहोलने पुसावी, तीस सेकंद दाबून धरावे, भार देण्याआधी एक तास थांबावे, आणि हे सगळे १० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात करावे. भिंतीवर कागद असेल तर किंवा पलंगाच्या वर या पट्ट्या वापरू नयेत असेही त्याच सूचनांत आहे, आणि आपल्या भिंतीवर कागद आहे की व्हिनाइल हे कपाटाच्या आतल्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात ओले बोट घासून पाहिले की समजते. उन्हात बंद उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये तापमान त्या मर्यादेच्या पुष्कळ वर जाते, म्हणून अर्ध्या किलोवरचे काहीही मी नुसत्या चिकटपट्टीवर सोडत नाही. कायमच्या कामाची व्हीएचबी टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी फार मजबूत पट्टी, हवी असेल तर दर किलो वजनाला २५ मि.मी. रुंदीची सुमारे २३ सें.मी. पट्टी लावावी आणि पूर्ण पकड येण्यासाठी ७२ तास द्यावेत. पण तिथेही शेवटचा कच्चा दुवा भिंतीचा कागदच राहतो.

मोजमापाविषयी एक सूचना करतो. फळी सरळ लावण्यासाठी पाणसळ वापरायची असेल तर आधी ट्रेलर सपाट उभा करावा. ते शक्य नसेल तर कपाटाच्या खालच्या कडेपासून दोन्ही टोकांना अंतर मोजावे. डोळा कपाटाशीच तुलना करतो, आणि प्रत्येक मुक्कामी ट्रेलर थोडासा कललेला असतोच.

देवघराविषयी मी जरा आग्रहाने लिहितो, कारण आपण कोपरा मागितला आहे आणि तो कोपरा माझ्या मते योग्यच आहे. कोपऱ्यात दोन भिंती मिळतात, म्हणजे त्रिकोणी फळीला दोन बाजूंनी आधार मिळतो आणि बाहेरची ओढ जवळजवळ उरत नाही. दोन्ही भिंतींवर २० मि.मी. लाकडी पट्ट्या चौकटीत स्क्रूने बसवाव्यात आणि फळी त्यांवर ठेवून वरून आखूड स्क्रू घालावेत. पुढच्या कडेला ३ ते ४ सें.मी. उंचीचा कठडा हवा; बोटींमध्ये असतो तसा. मूर्ती तळाशी म्युझियम पुटीने (वस्तू जागेवर धरणाऱ्या, पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) किंवा छोट्या खोबणीने धरून ठेवावी, आणि प्रवासाला निघताना समईसारखे काही असल्यास ते कापडात गुंडाळून खालच्या खणात ठेवावे. ज्योत मात्र तिथे लावू नका. मागे थर्माकोल, वर पातळ प्लाय आणि हातभर अंतरावर प्रोपेनची शेगडी असलेल्या खोलीत निरांजनासाठी सुरक्षित जागा मी शोधू शकलेलो नाही. १२ व्होल्टचा किंवा सेलचा छोटा दिवा लावावा, आणि खरी ज्योत लावायचीच असेल तर मुक्कामी बाहेरच्या टेबलावर लावावी.

वजनाची एक गोष्ट लोक विसरतात. आपल्या ट्रेलरच्या दाराजवळ पिवळे लेबल असेल तर त्यावर आत किती वजन भरता येते ते लिहिलेले असते, आणि आपण बसवलेली प्रत्येक फळी, बोल्टसकट, त्यातूनच वजा होते. जड मांडणी अगदी मागच्या टोकाला करू नये. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार यायला हवा, आणि मागे वजन वाढले की तो कमी होऊन ट्रेलर रस्त्यावर डोलू लागतो. मसाल्याची एक फळी इतका फरक पाडत नाही, पण फळ्या एकीवर थांबत नाहीत, हे मी पाहिले आहे.

बरण्यांसाठी फळीवर निसरड न होणारी रबरी जाळी अंथरावी, पुढे कठडा द्यावा आणि काचेऐवजी पोलादी किंवा प्लास्टिकचे डबे घ्यावेत. प्रवासात त्यांवरून एक ताणपट्टा लावता आला तर उत्तम. पहिल्या शंभर मैलांनंतर थांबून सगळे स्क्रू हाताने तपासावेत. त्यासाठी बसवतानाच स्क्रूच्या डोक्यावरून पाठफळीवर पेन्सिलने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की तो स्क्रू फिरला आहे. फिरलेला स्क्रू पुन्हा आवळला तर तो पुन्हा फिरेल, म्हणून तो काढून भोकात डिंक लावलेली लाकडाची काडी भरावी आणि डिंक सुकल्यावर पुन्हा बारीक भोक पाडून तोच स्क्रू घालावा.

आपल्या भिंतीला पडलेली ती चार भोके बुजवण्याच्या खटपटीत पडू नका. पातळ प्लायमध्ये भरलेली लांबी (पुटी) प्रवासात तडकून गळते. त्यांच्या कडा धारदार सुरीने साफ कराव्यात, आत ओल दिसत नाही ना ते विजेरीने पाहून घ्यावे, आणि पाठफळी अशी आखावी की चारही भोके तिच्या मागे जातील. ती २० सें.मी. उंच असावी असे मी वर लिहिले, त्याचे अर्धे कारण तेच आहे.